पाच अक्षरांची गुहा : 'ॲडव्हेंचर' या संगणकीय खेळाची संहिता आणि तिचे यंत्र

व्हिडिओ गेमचा इतिहास बहुधा चित्रांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १९७२ साली अटारी कंपनीने 'पाँग' आणला तेव्हा पडद्यावर दोन रेघा आणि एक ठिपका एवढेच होते; पुढील यंत्रांनी त्यात रंग, खोली आणि वेग भरला, असा या कथनाचा रोख असतो. या मांडणीत केवळ शब्दांनी खेळल्या जाणाऱ्या खेळांची शाखा वळचणीला पडते. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र हीच शाखा जवळची वाटावी, कारण निवेदक, संबोधन, पाठभेद हे त्याचे परिचित प्रश्न तेथे यंत्राच्या संदर्भात नव्याने उभे राहतात. या शाखेचा उगम असलेल्या 'ॲडव्हेंचर'ची कथा तर सरळसरळ पाठचिकित्सेची कथा आहे.

विल क्राउदर हे मॅसॅच्युसेट्स राज्यातील 'बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन' या कंपनीत प्रोग्रामर होते. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. त्यांना दुसरा नाद होता तो गुहांचा. केंटकी राज्यातील भूमिगत गुहांची मोजणी करणाऱ्या गटात ते आणि त्यांच्या पत्नी पॅट दोघेही होते. मॅमथ केव्ह आणि फ्लिंट रिज हे दोन गुहासमूह आतून जोडलेले आहेत, हे ९ सप्टेंबर १९७२ रोजी ज्या तुकडीने सिद्ध केले तीत पॅट क्राउदर होत्या. मोजमापांवरून संगणकाद्वारे नकाशे काढण्याचे काम विल करीत. घटस्फोटानंतर, १९७५-७६च्या सुमारास, त्यांनी आपल्या मुलींसाठी पीडीपी-१० या संगणकावर फोरट्रान भाषेत एक खेळ लिहिला. सुमारे सातशे ओळींची आज्ञावली आणि जवळपास तितक्याच ओळींची वर्णने व शब्दसूची, एवढाच त्याचा पसारा होता. यंत्र जागेचे वर्णन करते, खेळणारा एकदोन शब्दांत आज्ञा टंकतो, यंत्र पुढील वर्णन देते. ही काल्पनिक दालने बेडक्विल्ट या खऱ्या गुहाभागावर बेतलेली होती.

या खेळाच्या भाषेवर यंत्राचा ठसा किती खोल आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. पीडीपी-१०च्या स्मृतीतील एक घटक ३६ बिटांचा असे. प्रत्येक अक्षराला सात बिट लागत; म्हणजे एका घटकात पाच अक्षरे मावत आणि एक बिट उरे. खेळणाऱ्याने टंकलेल्या प्रत्येक शब्दाची पहिली पाच अक्षरेच 'ॲडव्हेंचर' ध्यानात घेई. 'नॉर्थ' आणि 'नॉर्थईस्ट' या इंग्रजी शब्दांची पहिली पाच अक्षरे एकच असल्याने ईशान्येकडे जायचे तर दोन अक्षरांचा संक्षेप टंकावा, अशी सूचना खेळालाच द्यावी लागली. फाइलच्या नावाला सहा अक्षरांची मर्यादा होती, म्हणून कृतीचे नावही 'ॲडव्हेंट' एवढेच उरले. क्रियापद आणि नाम यांपलीकडे वाक्य जात नसे; विशेषणाला किंवा क्रियाविशेषणाला त्यात स्थान नव्हते. वाचकाच्या वाट्याला आलेली भाषा अशी तुटक, आणि यंत्राची वर्णने मात्र पूर्ण, प्रसंगी काव्यात्म वाक्यांत. हा असमतोल ही या वाङ्मयप्रकाराची शैलीच होऊन बसली.

संबोधनाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. येथे यंत्र स्वतःला 'मी' म्हणवते आणि वाचणाऱ्याला थेट द्वितीय पुरुषात संबोधते. इंग्रजीतील संबोधनात लिंग दिसत नाही, वचन दिसत नाही आणि आदराची पायरीही दिसत नाही, त्यामुळे कोणीही खेळणारा त्या सर्वनामात सहज शिरू शकतो. मराठीत ही सोय नाही. 'तू रस्त्याच्या टोकाशी उभा आहेस' म्हणायचे की 'उभी आहेस', की 'तुम्ही उभे आहात', हे पहिल्याच वाक्यात ठरवावे लागेल. मुलींसाठी लिहिलेल्या या कृतीचा मराठी अनुवाद करणाऱ्याने 'उभी आहेस' हे रूप निवडले, तर मूळ हेतू इंग्रजीपेक्षा मराठीतच अधिक स्पष्ट होईल!

आर्पानेटवरून खेळाच्या प्रती पसरल्या. १९७६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉन वुड्स यांना त्यातली एक मिळाली. या जाळ्यावरील प्रत्येक संगणकावर 'क्राउदर' या नावाने पत्र धाडून त्यांनी लेखकाचा शोध घेतला, अनुमती आणि मूळ आज्ञावली मिळवली, आणि १९७७ साली विस्तारित संस्करण तयार केले. नवी दालने, नवे खजिने, पुलाचा पथकर मागणारा राक्षस आणि गुणांकन ही त्यांची भर होती. पूर्ण गुण ३५०. पुढे इतरांनीही भर घातली आणि ५५० गुणांचीही प्रत निघाली. हस्तलिखिते ओवीसंख्येवरून ओळखावीत, तशी ही संस्करणे गुणसंख्येवरून ओळखली जातात. एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पुढील भर थांबावी म्हणून. 'ॲडव्हेंचर'च्या परंपरेत भर घालणे हाच आस्वादाचा मार्ग ठरला.

या प्रवासात क्राउदर यांची मूळ प्रत मात्र नाहीशी झाली. मेरी ॲन बकल्स यांनी १९८५ साली सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात, जर्मन साहित्याच्या विद्यार्थिनी असताना, या खेळावर प्रबंध सादर केला. एस्पेन ऑर्सेथ यांच्या १९९७च्या 'सायबरटेक्स्ट'मध्येही त्याची चर्चा आली. तोवर उपलब्ध होते ते वुड्स यांचे संस्करण आणि त्यापासून निघालेल्या प्रती. क्राउदर यांनी खरीखुरी गुहा रचली आणि अद्भुत ते सारे वुड्स यांनी आणले, अशी एक सुबक विभागणी दरम्यान रूढ झाली. २००५ साली वुड्स यांच्या स्टॅनफर्डमधील जुन्या विद्यार्थी-खात्याच्या राखीव प्रतीत मूळ आज्ञावली सापडली. डेनिस जेर्झ यांनी तिचा अभ्यास करून, प्रत्यक्ष गुहेत उतरून वर्णने ताडून पाहिली आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुऱ्हाड फेकणारे बुटके आणि जादूचा शब्द मूळ प्रतीतच होते! वास्तव आणि अद्भुत यांची सरमिसळ पहिल्या लेखकाचीच होती. वुड्स यांचे श्रेय यामुळे घटत नाही, पण वास्तवाकडून अद्भुताकडे झालेला 'विकास' हा केवळ प्रतीच्या अभावातून उपजलेला समज होता, हे उघड झाले.

याच सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, 'ॲडव्हेंचर'च्या प्रेरणेने, १९७७ साली 'झॉर्क' सुरू झाला. त्याच्या कर्त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७९ साली इन्फोकॉम ही कंपनी काढली, तेव्हा पेच उभा राहिला. पीडीपी-१०वरचा अवाढव्य खेळ टीआरएस-८० किंवा ॲपल-२ यांसारख्या घरगुती यंत्रांत मावणे अशक्य होते, आणि प्रत्येक यंत्राची आज्ञाभाषा निराळी. जोएल बेरेझ आणि मार्क ब्लँक यांनी यावर अस्तित्वात नसलेल्या एका यंत्राची रचना केली. 'झेड-मशीन' हे त्याचे नाव. खेळ लिहायचा तो या कल्पित यंत्रासाठी. प्रत्येक खऱ्या यंत्रासाठी एक लहानसा दुभाषी प्रोग्राम. मजकूर दाबून बसवण्यासाठी १६ बिटांत तीन अक्षरे कोंबली गेली. खेळणाऱ्याच्या शब्दातील ओळखली जाणारी अक्षरे पाचावरून सहा झाली आणि १९८५च्या 'अ माइंड फॉरएव्हर व्हॉयेजिंग'पासून नऊ. तरीही 'झॉर्क' तीन भागांत विभागावा लागला. पहिला भाग १९८० साली आला. ही खंडरचना कथेच्या गरजेतून झालेली नव्हती. ती स्मृतीच्या मापाने झाली होती.

१९८६ साली ॲक्टिव्हिजनने इन्फोकॉम विकत घेतली आणि १९८९ साली बंद केली. पण कल्पित यंत्राला जुने होण्याचे भय नव्हते. उत्साही मंडळींनी त्याची रचना उलगडली, आणि १९९३ साली ग्रॅहॅम नेल्सन यांनी 'इन्फॉर्म' ही लेखनप्रणाली प्रथम त्याच यंत्रासाठी तयार केली. १९८०च्या दशकातील इन्फोकॉमची फाइल आज मोबाइल फोनवरही, अक्षराचा बदल न करता, चालते. क्राउदर यांची सापडलेली आज्ञावली मात्र आजच्या संगणकांवर जशीच्या तशी चालत नाही. ३६ बिटांचा घटक आता यंत्रांत नाही, आणि ती चालवू पाहणाऱ्यांना पाच अक्षरे कोठे ठेवायची हे नव्याने ठरवावे लागले आहे.