पुराण मागून घेतलेली माणसं

जयसिंगपूर हे शाहू महाराजांनी वडिलांच्या नावानं वसवलेलं गाव. नृसिंहवाडी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पोथी मोठ्यानं वाचायची आणि घरादारानं ऐकायची, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. कोल्हापुरात 1852 मध्ये अमेरिकन मिशनरी वाइल्डर आले, शेजारच्या मिरजेत 1894 मध्ये मिशनरी डॉक्टर वानलेसांचं इस्पितळ उभं राहिलं. तिथल्या ख्रिस्ती मंडळीतही रविवारच्या उपासनेत शास्त्रपाठ होतो, तो जुनी हकिगत म्हणून नव्हे, तर देव आज, आपल्याशी बोलतोय अशा श्रद्धेनं ऐकला जातो.

या ऐकण्याची मराठी कुळी मात्र मिशनऱ्यांच्या छापखान्याहून बरीच जुनी. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात उतरला. सासष्टीतल्या नवख्रिस्त्यांपुढे पेच होता: जुनी पुराणं बंद झाली, तिथं नवं काहीच आलं नाही. स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराण' या ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण पाद्रीबाबांकडे ही तक्रार मांडतो. मला तो अख्ख्या ग्रंथातला सर्वांत महत्त्वाचा माणूस वाटतो. त्यानं नुसता धर्मोपदेश मागितला नाही, पुराण मागितलं. म्हणजे ऐकायला बसता येईल असं काही.

स्टीफन्सनं सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. 'पैलें पुराण' जुन्या कराराचं, 'दुसरें' येशूचं. 1616 मध्ये ते रोमन लिपीत छापलं गेलं. डोळ्यांना अक्षरं परकी, कानाला चाल घरची. रविवारी, सणावारी चर्चमध्ये ते वाचलं जाई. त्या छापील आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांनी ग्रंथ जगवला आणि 1907 मध्ये मंगळुरात जोसेफ सालढाणांनी तो पुन्हा छापला.

पुढे बायबल गद्यात आलं. अमेरिकन मिशननं घरोघर पुस्तक पोचवलं, पण वाचता येणारे किती? 1860 च्या दशकात अहमदनगरला कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं: नमन, पूर्वरंग, मग उत्तररंगात आख्यान. उधळ्या पुत्राची गोष्ट अशी रंगायला लागली, की बाप वाटेकडे डोळे लावून बसतो तिथं कीर्तनकार थांबणार आणि टाळ वाजणार. काही गोऱ्या पाद्र्यांना हा प्रकार फार हिंदू वाटला असेल, तर नवल नाही. श्रोत्यांनी मात्र फर्माईश चालूच ठेवली.