दुधाळ्याच्या शिवारातून गेलेली लाट

१४ सप्टेंबर २०१५, सोमवार. दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. तुम्ही हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळच्या दुधाळ्याच्या शिवारात उभे आहात. वर्ष दुष्काळाचं, सोयाबीन माना टाकून उभं. पोळा नुकताच झालाय. बांधावरच्या बैलाच्या शिंगांचा रंग अजून उतरलेला नाही. याच क्षणी, सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेली गुरुत्वाकर्षणाची लाट तुमच्यातून, बैलातून, पायाखालच्या जमिनीतून आरपार जाते. बैल शेपटीनं गोमाशी उडवतो. इथं कुणालाच पत्ता लागत नाही. तो लागतो अशा लाटा टिपण्यासाठीच उभारलेल्या, अमेरिकेतल्या लायगोच्या दोन यंत्रांना. यंत्राच्या चार किलोमीटर लांबीच्या बाहूत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाएवढा.

तसंच यंत्र इथं उभं करायला २०२३ साली केंद्रानं २६०० कोटींची मंजुरी दिली. पण आपल्या अंगातून काय गेलं हे बांधावरच्या माणसाला सांगणार कोण? मला हा प्रश्न यंत्रातल्या आरशांइतकाच मोलाचा वाटतो. त्यासाठी थोडं मागे चला.

१९७४. अहमदाबादेत एक परिसंवाद चाललाय. व्याख्यान रटाळ आहे, श्रोते चुळबुळ करताहेत. तुमच्या शेजारी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर बसलेत. ते कागद पुढे ओढतात आणि चक्क गोष्ट लिहायला घेतात. जरा वाकून बघा: ‘कृष्ण विवर’. ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जाईल ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखीचं निघू नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताई ती उतरवून काढतील. पहिलं बक्षीस जगतापांना मिळेल, नारळीकरांच्या ख्यातीला नाही. शास्त्रज्ञानं मराठीत लिहायचं तर हीच कसोटी लावावी: नाव झाकलं तरी वाचणारा पान उलटतो का?

पुढे पुण्यात, आयुका या खगोलविज्ञान संस्थेत, मुलं त्यांच्याभोवती सहीसाठी गर्दी करतात. ते सही देत नाहीत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, म्हणतात. कार्ड येतं, आणि उत्तर त्यांच्या हातचं जातं.

आता पुढे या, दुधाळ्याचं यंत्र सुरू झाल्यानंतरच्या एका शनिवारी. काल इथं इंग्रजीत सेमिनार झाला. तो हवाच, जगाशी बोलणं त्याच भाषेत होतं. आज जिल्हा परिषदेच्या शाळेची मुलं सतरंजीवर बसलीत. तरुण संशोधक समीकरणाची स्लाइड बाजूला सारतो. सातवीतली एक मुलगी विचारते, ‘सर, आमच्या बाबांचा ट्रॅक्टर गेला तर यंत्राला कळतं का?’

त्याचा चेहरा उजळतो, कारण यंत्र बांधणाऱ्यांची मोठी धडपड याच प्रश्नाशी आहे. कळतं, तो सांगतो. जमिनीची थरथर आरशापर्यंत पोचू नये म्हणून चाळीस किलोचा आरसा एकाखाली एक अशा चार लंबकांच्या शेवटी, काचेच्या धाग्यांवर टांगलाय. वरच्या लंबकाला बसलेला हिसका खाली येता येता विरत जातो.

‘मग महाशिवरात्रीला नागनाथाला एवढी गर्दी होते, ती दिसते का?’

तो थांबतो. नोंदी काढून बघाव्या लागतील. वहीचं कोरं पान उघडून तो तिचं नाव, गाव आणि शाळेचा पत्ता लिहून घेतो.