विजयदुर्गची आग आणि न्हावाशेवा

किल्ला म्हटला की आपण तटाचं कौतुक करतो. विजयदुर्गच्या तिहेरी तटाचं तर करायलाच हवं. १७२० मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून आले, १७२४ मध्ये डच आले. सगळे हात हलवत परत गेले.

मग १७५६ च्या फेब्रुवारीत काय झालं? समुद्रावरून वॉटसनचं आरमार, जमिनीवरून क्लाईव्हची फौज, आणि पेशवेही इंग्रजांच्या बाजूने. (पेशव्यांचं चुकलं की बरोबर होतं, यावर पुष्कळ लिहून झालंय, इथे तो विषय नाही.) तोफांच्या माऱ्यात एक पेटता गोळा 'रिस्टोरेशन' नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेलं. ते पेटलं. तुळाजी आंग्र्यांची बाकीची जहाजं किल्ल्याच्या आसऱ्याला एकमेकांना बांधून ठेवलेली होती. आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि आरमार जळून गेलं. दुसऱ्या दिवशी किल्लाही गेला.

तटाला भगदाड पडण्याआधीच आरमार संपलं होतं, आणि ते संपलं त्या दोरांमुळे.

२०१७ साली न्हावाशेवाची बातमी वाचताना मला हे दोर आठवले. २७ जूनला युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस सुटला. एका कॉम्प्युटरमध्ये शिरला की तो तिथले पासवर्ड चोरायचा आणि त्याच नेटवर्कवरच्या पुढच्या कॉम्प्युटरवर जायचा. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचं जगभरचं नेटवर्क असं आडवं झालं. त्यांच्याच समूहाचं टर्मिनल आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरात आहे. तिथलंही काम थांबलं. भांडण युक्रेनचं, आणि कंटेनर अडकले उरणला!

मर्स्क सावरली कशी? त्यांच्या नेटवर्कची किल्ली ज्या सर्व्हरांवर होती, ते जगभरचे सगळे पुसले गेले. वाचला तो एक, घानामधला. कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती! लोडशेडिंगला शिव्या घालणाऱ्या आपण कोकणवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. त्या एका प्रतीवरून दहा दिवसांत सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर पुन्हा उभे केले. तोवर माणसांनी हाताने काम रेटलं. तरी नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं.

आता मुद्दा पैशांचा. गावची पतपेढी असो की तालुक्याचं हॉस्पिटल, सायबर सुरक्षेसाठी मिळणारी रक्कम ठरलेली आणि तुटपुंजी. ती बहुतेक तटावर जाते, म्हणजे फायरवॉल आणि अँटिव्हायरस. तट दिसतो, त्याची पावती ऑडिटरला दाखवता येते. पण जहाजांमधलं अंतर कोणाला दिसतं? नेटवर्कचे तुकडे पाडायचे म्हणजे कामाचा खोळंबा, दहा वेगळे पासवर्ड, कर्मचाऱ्यांची कुरकुर. एकत्र बांधलेली जहाजं सांभाळायला सोपी असतात. आंग्र्यांनाही तसंच वाटलं असेल.

आणि तिसरा खर्च विहिरींचा. मालवणच्या सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं. चहूबाजूंनी खारं पाणी, पण आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. वेढा पडला तरी आतला माणूस जगला पाहिजे, हा विचार. बॅकअप म्हणजे हीच विहीर. ती नेटवर्कपासून तोडलेली हवी आणि अधूनमधून उपसून बघायला हवी. शिवाय कागदावर काम कसं चालवायचं, हे चार माणसांना येत असावं.

विहिरींनी किल्ला कायमचा वाचतो असं नाही. १७६५ मध्ये सिंधुदुर्गही इंग्रजांनी घेतलाच. पण पतपेढीला कायमचं अजिंक्य व्हायचं नाहीये. हल्ला झाल्यावर सोमवारी सकाळी एखाद्या आजीला तिचे पैसे देता आले पाहिजेत, इतकंच. म्हणून माझं मत असं, की आधी काय बंद पडून चालणार नाही याची यादी करावी, तेवढ्यासाठी विहीर खणावी, मग दोर सोडावेत, आणि उरलेल्या पैशांत तट.

बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा दिसतो. असो.