ओळखीचा आवाज, अनोळखी हल्ला

बीड जिल्ह्यातल्या सिरसाळ्याच्या परिसरातली ऊसतोड कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. मागे म्हातारी माणसे आणि शाळेतली लेकरे उरतात. पुढचे काही महिने घराचा व्यवहार मोबाइलवर चालतो. पलीकडून ओळखीचा आवाज आला की रक्कम पाठवली जाते. सायबर सुरक्षेच्या अभ्यासाची सुरुवात मी इथूनच करायला सांगेन, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेने घाव घातला आहे तो याच विश्वासावर.

आवाजाची हुबेहूब नक्कल करायला आता थोडेसे ध्वनिमुद्रण पुरते. जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकरांचा चेहरा आणि आवाज वापरून एका गेमिंग अ‍ॅपची बनावट जाहिरात फिरली आणि त्यांना जाहीर खुलासा करावा लागला. फडातल्या मजुराचा खुलासा ऐकायला कोण येणार? फसवे संदेश पूर्वी मोडक्या मराठीमुळे ओळखू येत. ‘पीएम किसान’च्या नावाने येणाऱ्या एपीके (मोबाइल अ‍ॅपच्या) फाइलसोबतचा मजकूर आता निर्दोष मराठीत लिहून मिळतो.

मोठ्या हल्ल्यांचे गणितही बदलले आहे. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले. एटीएमच्या मागण्या मंजूर करणाऱ्या यंत्रणेच्या जागी चोरांनी बनावट यंत्रणा बसवली आणि 28 देशांतून पैसे काढले. अशा कामाला जाणकारांची टोळी लागते. त्या जाणकारीचा काही भाग आज भाषिक प्रारूपे पुरवतात. मात्र तीच प्रारूपे रक्षकाच्याही हाती आहेत. 2024 मध्ये गूगलच्या ‘बिग स्लीप’ या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने एसक्यूलाइट या डेटाबेस सॉफ्टवेअरमधली एक गंभीर त्रुटी ती आवृत्ती लोकांपर्यंत जाण्याआधीच शोधली.

बचावाचा मूळ विचार जुना आहे. संगणकशास्त्रज्ञ डोरोथी डेनिंग यांनी 1987 मध्ये मांडले की, प्रणालीचे नेहमीचे वर्तन नोंदवा आणि त्यापासून ढळणारे टिपा. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबची ‘म्यूलहंटर’ ही प्रणाली चोरीचा पैसा फिरवणारी खाती हुडकते, तीही व्यवहारांची धाटणी तपासूनच.

पण ‘नेहमीचे’ म्हणजे कोणाचे? बीड जिल्ह्यातले खाते अचानक कोल्हापूर किंवा बेळगाव भागात चालू लागते, उचलीची, म्हणजे आगाऊ मजुरीची, मोठी रक्कम एकदम जमा होते, एकच फोन घरातली चार माणसे वापरतात. शहरी ग्राहकांवर शिकलेल्या यंत्राला यातले सगळेच संशयास्पद वाटू शकते. खाते गोठले तर ऊसतोड टोळीतल्या बाईची औषधे अडतात. आणि यंत्राची नजर सैल केली तर त्याच फटीतून चोर शिरतो. या क्षेत्रातला सर्वांत कठीण प्रश्न मला हाच वाटतो. हंगामी स्थलांतर माहीत नसलेल्या एकट्या अभियंत्याला तो सुटणार नाही.

म्हणून संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांइतकेच सांख्यिकी, भाषा आणि कायदा शिकणाऱ्यांचे, बँकेच्या शाखेत काम करणाऱ्यांचेही इथे स्वागत आहे. परळी-अंबाजोगाईच्या महाविद्यालयांनी मराठवाडी बोलीतल्या फसव्या संदेशांचे आणि कॉलचे नमुने, नावे-नंबर पुसून आणि संबंधितांच्या संमतीने, गोळा करायला घ्यावेत. बचावाच्या प्रणाली त्यांवर तपासून पाहता येतील. आणि अभ्यास चालू असताना कोणाची फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवायला त्याला मदत करावी.