किल्लारीचे विंधनछिद्र : कळंबच्या भूमीखाली ऊब किती?

१/ ३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जनानंतरची पहाट. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला आणि हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. कळंबपासून किल्लारी आग्नेयेस सुमारे ८० किलोमीटर. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत दोन्ही गावे एकाच उस्मानाबाद जिल्ह्यात होती.

२/ दख्खनचे पठार तोवर स्थिर मानले जाई. ही समजूत तपासण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय अनुसंधान संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. ३३८ मीटरपर्यंत काळा पाषाण, त्याखाली ८ मीटर जुना गाळ आणि मग प्राचीन कठीण खडक लागला.

३/ या भागातील छिद्रांत तापमानही मोजले गेले. भूगर्भातून वर येणारी उष्णता भरली दर चौरस मीटरला सुमारे ४३ मिलीवॅट. म्हणजे एका एकरातून पावणेदोनशे वॅटही नाही. १०० वॅटचे दोन दिवेसुद्धा त्यावर पूर्ण तेजाने पेटणार नाहीत.

४/ लाव्हारसातून घडलेली ही भूमी इतकी थंड कशी? तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच निवला. कोकणातील वज्रेश्वरी, उन्हवरे, तुरळ येथील उन्हाळीही ज्वालामुखीची नव्हेत. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तापते आणि पुन्हा वर येते.

५/ ऊब घरोघर पोहोचवण्याचे तंत्र याच पाण्यावर चालते. पॅरिसजवळच्या मलँ येथे १९६९ मध्ये दोन छिद्रांची जोडी घेतली गेली. एकातून चुनखडकातील गरम पाणी वर येते, त्याची उष्णता घरांच्या नळांना दिली जाते आणि निवलेले पाणी दुसऱ्या छिद्रातून परत खाली सोडले जाते. पॅरिस परिसरात हा खडक दीड-दोन किलोमीटर खोल आहे. तेथेही ज्वालामुखी नाही. आहे तो पाणी धरून ठेवणारा सच्छिद्र थर.

६/ नेमका तोच थर मराठवाड्यात दुर्मीळ. येथील पाषाण पाणी धरतो ते मुख्यतः भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. म्हणून शेजारच्या बोअरला पाणी लागते आणि आपले कोरडे जाते. खोल गेल्यास उष्णता वाढते. परंतु ती वर वाहून आणायला पाणीच हवे, आणि कळंबला मुळात वाण आहे ती पाण्याची.