रंगलेल्या केंद्रकाची हकीकत

वासराच्या छातींतील थायमस नांवाची ग्रंथि आणि पाव फुगविण्याचें यीस्ट, या दोन वस्तूंनीं एके काळीं शास्त्रज्ञांची मोठी फसगत केली होती. तीच हकीकत आज आपणांस निवेदन करावयाची आहे.

मीशर या स्विस वैद्यानें १८६९ सालीं पुवाच्या पेशींतून एक स्फुरदयुक्त पदार्थ वेगळा काढला. पुढें त्याच जातीचीं दोन आम्लें हातीं आलीं. एक थायमसमधून, दुसरें यीस्टमधून. दोहोंतील साखर निराळी. यीस्टची गणना तेव्हां वनस्पतींत होई. म्हणून पहिलें आम्ल प्राण्यांचें व दुसरें वनस्पतींचें, असा सिद्धान्त पाठ्यपुस्तकांतून रूढ झाला. वस्तुतः हे दोन पदार्थ हाताळले जात, याचें कारण त्यांतून आम्ल मुबलक मिळे, एवढेंच. फळ्यावर ठळक रेघ ओढून दोन खाने पाडण्याची हौस मलाही मास्तरकींत फार होती. त्यामुळें ही चूक मला परकी वाटत नाहीं.

तिचा उलगडा एका रंगानें केला. फ्युक्सिन हा किरमिजी रंग सल्फ्यूरस आम्लाच्या योगानें फिका पडतो. परंतु आल्डिहाइड गटाशीं गांठ पडतांच तो द्राव जांभळट होतो. शिफ यानें १८६६ सालीं हें दाखविलें होतें. पेशीच्या केंद्रकावर हा द्राव नुसता ओतला तर कांहींच घडत नाहीं, कारण साखरेचा आल्डिहाइड गट तेथें कड्यांत अडकलेला असतो. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट फॉयल्गेन याची युक्ति अशी, कीं पेशींचा छेद आधीं साठ अंश उष्ण अशा सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लांत कांहीं मिनिटें ठेवावा. मग अॅडेनिन व ग्वानिन हे घटक साखरेपासून सुटतात, साखरेचें कडें उघडतें आणि रंग चढतो. यीस्टच्या आम्लांत हें घडत नाहीं. त्याच्या साखरेंत प्राणवायूचा एक अणु अधिक आहे, आणि तेवढ्यानें तो सांधा चिवट होतो. वेळ मात्र सांभाळावी लागते. ती कमी पडली तर रंग फिका. अधिक झाली तर केंद्रकांतील आम्लाचेच तुकडे होऊन वाहून जातात. पाकाची तार ज्यांनीं साधली आहे, त्यांना हें निराळें सांगावयास नको.

१९२४ सालीं फॉयल्गेन व रोसेनबेक यांनीं ही रीति प्रसिद्ध केली. प्राण्यांचीं केंद्रकें रंगलीं, त्यांत नवल नव्हतें. वनस्पतींचीं केंद्रकेंही तशींच रंगलीं! १९३७ सालीं फॉयल्गेन, बेहरेन्स व महदीहसन यांनीं वनस्पतींच्या केंद्रकांतील तें आम्ल प्रत्यक्ष वेगळें काढून ओळखलें. तेंच आजचें डीएनए. यीस्टमधून मिळे तें आरएनए. दोन्ही आम्लें प्राण्यांतही आहेत, वनस्पतींतही आहेत.

वॉटसन व क्रिक यांनीं १९५३ सालीं डीएनएचा दुहेरी पीळ मांडल्यावर इतर रसायनांचें वर्तनही समजूं लागलें. फॉर्मल्डिहाइड पिळाच्या आंत जुळलेल्या घटकांना सहसा शिवत नाहीं. उष्णतेनें पीळ उकलला म्हणजे त्यांना चिकटतें. उलट, डायमेथिल सल्फेट ग्वानिनच्या ज्या ठिकाणीं बसतें, तें पिळाच्या रुंद खोबणींत उघडेंच असतें. मॅक्सम व गिल्बर्ट यांनीं १९७७ सालीं डीएनएचा अक्षरक्रम वाचण्याची रीति बसविली, तींत ग्वानिनवर खूण करण्यास हेंच द्रव्य वापरलें होतें. केंद्रकांत डीएनए किती आहे हें मोजण्यासाठीं मात्र फॉयल्गेनचा जुना रंग अजूनही वापरतात.