ठिबकणारा कार्ब्युरेटर : जुन्या मोटारसायकलींची पेट्रोलगळती

रात्री वाड्याच्या बोळात किंवा इमारतीखालच्या वाहनतळात उभी केलेली जुनी मोटारसायकल सकाळी बाहेर काढावी, तर इंजिनाखाली फरशीवर ओलसर डाग आणि हवेत पेट्रोलचा उग्र वास. येझदी, राजदूत, बुलेट, आरएक्स १०० किंवा पहिल्या पिढीतील हिरो होंडा सांभाळणाऱ्यांना हे दृश्य नवे नाही. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले, नव्या मोटारसायकलींत इंधन फवारणीची यंत्रणा आली आणि कार्ब्युरेटर मागे पडला. तथापि रस्त्यावर अजूनही लक्षावधी कार्ब्युरेटर आहेत, त्यांतील कित्येकांचे वय तीस-चाळीस वर्षांचे आहे आणि त्यांची नस ओळखणारे मिस्त्री मात्र दिवसेंदिवस कमी होत आहेत.

गळती समजून घ्यायची तर कार्ब्युरेटरच्या तळाशी असलेल्या वाटीपासून सुरुवात करावी लागते. टाकीतील पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने या वाटीत उतरते. वाटीत एक तरंगणारा फ्लोट असतो. पातळी वाढली की तो वर उचलला जातो व आपल्या जिभेने एका छोट्या सुईला पितळी बैठकीत दाबून प्रवाह बंद करतो. इंजिनाने पेट्रोल ओढले की पातळी उतरते, सुई सैल होते आणि पुन्हा पेट्रोल येते. घरावरच्या पाण्याच्या टाकीतील बॉलकॉक ज्या तत्त्वावर चालतो, तेच हे तत्त्व. या सुईला बाजारात ‘फ्लोट पिन’ म्हणतात. दुकानात नुसती ‘निडल’ मागितल्यास स्लाइडमध्ये बसणारी लांब जेट निडल हाती पडण्याची शक्यता असते. तिचा गळतीशी संबंध नाही. सुई बंद झाली नाही तर वाटी भरून वाहू लागते. ते पेट्रोल सुरक्षितपणे खाली जावे म्हणून वाटीत एक उभी नळी असते आणि तिला खालून रबरी पाइप जोडलेला असतो. यालाच ओव्हरफ्लो म्हणतात.

ओव्हरफ्लोचा पाइप ठिबकतो म्हणून त्यात स्क्रू किंवा काडी ठोकून तो बंद करण्याचा उपाय अनेक जण करतात. याहून घातक दुरुस्ती दुसरी नसेल. बाहेर जाण्याची वाट बंद झाली की जादा पेट्रोल इंजिनात शिरते. टू-स्ट्रोक गाडीत ते क्रँककेसमध्ये साठते. फोर-स्ट्रोकमध्ये सिलिंडरमध्ये उतरून पिस्टनच्या रिंगांमधून खालच्या ऑइलमध्ये मिसळते. ऑइल पातळ झाले की बेअरिंग आणि कॅम झिजू लागतात, आणि हे बाहेरून दिसत नाही. सिलिंडर पेट्रोलने भरलेला असताना किक मारली, तर द्रव दाबला जात नसल्याने किक अडते. बटणाच्या स्टार्टरने जोर लावल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून रात्रभर गळलेल्या फोर-स्ट्रोक गाडीची ऑइलपट्टी प्रथम काढून पाहावी. पातळी नेहमीपेक्षा वर दिसली किंवा ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर इंजिन सुरू न करता ऑइल बदलावे. ते नवे असले तरी बदलावे.

दुरुस्तीला बसण्यापूर्वी जागा निवडणे महत्त्वाचे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साचते. हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड टक्का झाले तरी ठिणगी पुरेशी होते. अनेक इमारतींत वाहनतळाच्या भिंतीवरच वीजमीटरची फळी असते आणि शेजारून जिना वर जातो, हे लक्षात घेतले म्हणजे संथ ठिबकण्याकडे दुर्लक्ष का करू नये ते कळते. सेकंदाला एक थेंब, या गतीने आठ तासांत अदमासे अर्धा लिटर पेट्रोल बाहेर पडते. काम उघड्यावर, सावलीत व इंजिन थंड असताना करावे. देवघरातील समई, गॅसची शेगडी, विडी आणि उघडा बल्ब यांपासून गाडी दूर असावी.

पहिला प्रश्न हा की पेट्रोल नेमके कोठून येते. थेंब पडतो ती जागा आणि गळतीची जागा एकच असेल असे नाही, कारण पेट्रोल पृष्ठभागावरून ओघळत सर्वांत खालच्या टोकाला येते. कार्ब्युरेटर कापडाने पूर्ण कोरडा करावा, पेट्रोल कॉक उघडावा आणि विजेरीच्या प्रकाशात वरून खाली पाहत राहावे. कॉक बंद असतानाही ओल येत असेल, तर दोष कॉकमध्ये, टाकीच्या सांध्यात किंवा वरच्या पाइपात आहे. कॉक उघडल्यावर ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेंब आले, तर सुई, फ्लोट वा उभी नळी यांपैकी एक जण गुन्हेगार. वाटीच्या सांध्याभोवती ओल दिसली तर गॅस्केट, आणि तळाच्या स्क्रूपाशी दिसली तर त्याचे वॉशर. गाडी साइड स्टँडवरच ठिबकते आणि मेन स्टँडवर थांबते, अशी तक्रार असल्यास पातळी काठावर आहे असे समजावे. जुन्या जावा-येझदीच्या कार्ब्युरेटरवर फ्लोट खाली दाबण्याचे छोटे बटण असते. थंड इंजिन सुरू करताना ते दाबून पेट्रोल मुद्दाम वाहू दिले जाते, त्यामुळे तेथील चार थेंब म्हणजे दोष नव्हे. बटण अडकून खालीच राहत असेल तर मात्र आहे.

ओव्हरफ्लोच्या निम्म्या तक्रारी कचऱ्याच्या असतात, असे कोणताही अनुभवी मिस्त्री सांगेल. टाकीतील गंजाचा एक कण सुई आणि बैठक यांच्यामध्ये अडकला तरी पुरतो. पावसाळ्यात टाकीच्या झाकणातून पाणी शिरते, लांब सुट्टीनंतर टाकीच्या आतील भिंतीला गंज धरतो आणि पहिल्याच प्रवासात तो खाली येतो. म्हणून वाटी खोलण्याआधी स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने तिच्यावर हलकेच टिचक्या माराव्यात. त्याने थांबले नाही तर तळाचा स्क्रू सैल करून बाटलीत थोडे पेट्रोल वाहू द्यावे. प्रवाहाबरोबर कण निघून जातो. हा उपाय दर आठवड्याला करावा लागत असेल, तर दुखणे टाकीत आहे. टाकी धुणे, कॉकची जाळी साफ करणे आणि पाइपात छोटा फिल्टर बसवणे, याला मग पर्याय नाही.

त्यानेही भागले नाही तर वाटी उतरवावी. तिचे स्क्रू मऊ असतात व डोकी लवकर खराब होतात. नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन, आधी दाब आणि मग पीळ, असा क्रम ठेवावा. फ्लोट ज्या बारीक सळईवर झुलतो ती एका बाजूने जाड असते व ती त्याच बाजूकडे काढायची असते. उलट दिशेने ठोकल्यास तिला धरणारे ओतीव खांब तुटतात, आणि एका वॉशरचे काम नव्या कार्ब्युरेटरवर जाते. सुईचे टोक भिंगाखाली पाहावे. शंकूवर गोल चर पडलेला दिसला की ती सुई संपली. रबरी टोकाची सुई कडक किंवा चिरलेली असू शकते. तिच्या मागील स्प्रिंगची बारीक दांडी दाबून सोडल्यावर झटकन बाहेर यायला हवी. नवी सुई घालण्याआधी बैठकही पाहावी. मिकुनी पद्धतीच्या अनेक कार्ब्युरेटरांत ती पिळाची असते व बदलता येते. काहींत ती कायमची दाबून बसवलेली असते. अशा वेळी काडीच्या कापसाला पितळ उजळण्याचे मलम लावून हलक्या हाताने फिरवावे आणि नंतर सर्व मलम धुऊन काढावे. पॉलिश कागद आत घालू नये.

बसवल्यावर कार्ब्युरेटर उलटा धरावा, म्हणजे फ्लोट स्वतःच्या वजनाने सुई दाबतो, आणि पेट्रोलच्या नळीतून हलकी फुंकर द्यावी. तोंडाऐवजी औषधाची मोठी पिचकारी वापरणे शहाणपणाचे. कॉम्प्रेसरची हवा मारून ‘सुई धरत नाही’ असा निर्वाळा देणारे गॅरेजवाले आढळतात. ती चाचणी चुकीची आहे. टाकीतील एक फूट उंचीच्या पेट्रोलचा दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम दोन टक्के भरतो, आणि सुई तेवढ्याच दाबासाठी घडवलेली असते. याच कारणाने टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजले असेल, तर चांगली सुईही हार खाते. काठोकाठ भरलेली टाकी दुपारच्या उन्हात तापते, आत दाब वाढतो आणि सुई ढकलली जाते. फक्त उन्हात गळणाऱ्या गाडीचे झाकण आधी तपासावे.

आता फ्लोटची उंची. कार्ब्युरेटर तिरपा धरून, फ्लोटची जीभ सुईच्या दांडीला नुसती टेकेल पण स्प्रिंग दबणार नाही अशा स्थितीत, गॅस्केटच्या पृष्ठभागापासून फ्लोटच्या टोकापर्यंतचे अंतर मोजतात. योग्य आकडा प्रत्येक मॉडेलचा वेगळा असल्याने तो त्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. जीभ सुईच्या दिशेने किंचित वाकवली की प्रवाह लवकर बंद होतो व पातळी खाली येते. येथेच मोह होतो. सुई झिजलेली असताना जीभ वाकवून गळती तेवढ्यापुरती थांबवता येते, पैसेही वाचतात आणि ग्राहक खूश होऊन जातो. परंतु पातळी खाली गेल्याने वेगात मिश्रण पातळ होते व इंजिन तापते. टू-स्ट्रोक गाडी घाटात दोघांना घेऊन चढत असताना पिस्टन जॅम होऊन मागचे चाक अडकणे, ही त्याची परिणती होऊ शकते. थोड्या पैशांची सुई वाचवून बोअरचे काम ओढवून घेणे, असा हा व्यवहार आहे. पितळी फ्लोट असल्यास तो कानाजवळ हलवून पाहावा. आत पेट्रोल खळखळले तर त्याला भोक आहे आणि तो बुडतो. गरम पाण्यात धरल्यावर बुडबुडे जेथून येतात ती जागा. आतील पेट्रोल व वाफ संपूर्ण निघाल्यावरच, आणि शक्य तितके कमी कथील वापरून, ते बुजवावे. कारण कथिलाचे वजन वाढले की फ्लोट पुन्हा खाली बसतो.

सुई नवी, फ्लोट ठीक, उंची बरोबर, तरीही थेंब चालूच, अशी गाडी तीन-तीन गॅरेजे फिरून आलेली असते. तिच्या वाटीतील उभ्या पितळी नळीला बहुधा बारीक उभी चीर असते. पेट्रोल नळीच्या काठापर्यंत पोहोचण्याआधीच चिरेतून निसटते. सुटी वाटी हातात धरून नळीच्या काठाखाली राहील इतके पेट्रोल भरावे आणि खालचे टोक पाहावे. ओले झाले की निदान पक्के. काळजीपूर्वक डाग देता येतो, मात्र वाटी बदलणे बरे. पुण्याच्या जुन्या बाजारात अशी वाटी मिळून जाते. घेताना हीच चाचणी तिच्यावरही करावी.

वाटीच्या सांध्यावरील गळतीचा उपाय सोपा, पण त्यात एक चूक सर्रास होते. कागदी गॅस्केट किंवा ओ-रिंगऐवजी सिलिकॉन लावले जाते. पेट्रोलमध्ये ते फुगते, त्याचे तुकडे सुटतात आणि जेट तुंबतात. टाकीच्या सांध्यातून ओल आल्यास तेथे साबण रगडण्याची जुनी युक्ती निराळी. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे घर गाठण्यापुरती ती चालते. कार्ब्युरेटरच्या आत असले काही घालू नये.

रबराच्या बाबतीत इथेनॉलचाही विचार करावा लागतो. भारतातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढत २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. चाळीस वर्षांपूर्वी बनलेली गाडी या मिश्रणासाठी आखलेली नव्हती. जुने रबर त्यात फुगते किंवा ठिसूळ होते, बुचाचे वॉशर भुसभुशीत होते, आणि पाणी शिरल्यास इथेनॉल पाण्यासह तळाशी वेगळे बसते. तळ म्हणजे कॉक आणि वाटी. बंद केलेल्या कॉकमधून पेट्रोल झिरपत असेल, तर आतील चार भोकांचे रबरी वॉशर बहुधा कडक झालेले असते. नवे घेताना इथेनॉल सहन करणारे मागावे, आणि पेट्रोलचे पाइपही त्याच वेळी बदलावेत. पाइपाच्या टोकाला तारेचा वेढा न देता स्प्रिंगची क्लिप लावावी; तार रबर कापते.

सर्व जोडणी झाल्यावर ओव्हरफ्लोच्या पाइपाचे टोक एका स्वच्छ, पारदर्शक बाटलीत सोडावे आणि उघड्यावर, मेन स्टँडवर, कॉक चालू ठेवून दोन तास पाहावे. बाटली कोरडी राहिली तर गाडी साइड स्टँडवर झुकवून पुन्हा तासभर. रात्री कॉक बंद करण्याची सवय यानंतरही सोडू नये. महिनाभर गाडी वापरायची नसेल तर कॉक बंद करून वाटीतील पेट्रोल तळाच्या स्क्रूतून काढून टाकावे आणि स्क्रू पुन्हा बसवताना त्याचे वॉशर जागेवर आहे ना, हे बोटाने चाचपून घ्यावे.